नवा टेप बसवला आणि सेंट्रल लॉक गेलं: दोष शोधायचा तो असा

गाडीचा टेप मी पहिल्यांदा स्वतः बदलला तो एका रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. (आता त्याला स्टिरिओ, हेड युनिट, अँड्रॉइड सिस्टिम काय वाटेल ते म्हणतात, माझ्या तोंडात टेपच बसलाय.) बॅटरी काढायचा कंटाळा केला. जुना सेट ओढून काढताना आत कुठेतरी ‘चट्’ असा बारीक आवाज आला. तो मी ऐकला, आणि ऐकला नाही असं स्वतःला सांगितलं. नवा सेट जोडून चावी फिरवली तर स्क्रीन काळीच. सेट खराब निघाला म्हणून दुकानात परत नेला, तिथे तो टेबलावर झकास वाजला. घरी येऊन दार उघडतो तर रूम लाइट लागेना, रिमोट दाबला तरी लॉक ढिम्म, मीटरमधलं घड्याळही गेलेलं. एका जाणकाराने फोनवरच निदान केलं: बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लाइट, लॉक, काचा सांभाळणारा छोटा संगणक) गेलं, खर्चाची तयारी ठेव.

गेला होता एक १५ अँपिअरचा फ्यूज. त्या एका फ्यूजवर टेप, रूम लाइट, घड्याळ आणि लॉकिंग असा सगळा गोतावळा होता. पिवळ्या वायरीचं उघडं टोक लोखंडी ब्रॅकेटला टेकलं, ठिणगी पडली, फ्यूजने आपलं काम केलं.

त्यानंतर स्वतःच्या, मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या अशा बऱ्याच गाड्यांचे डॅशबोर्ड उघडले. टेप बदलल्यावर सुरू झालेला दोष बहुतेक वेळा जिथे हात गेला होता त्या वीतभर जागेतच सापडतो. गाडीभर फिरायचं नाही. आधी तीच जागा नीट तपासायची, आणि ती निर्दोष आहे हे मल्टिमीटरने (व्होल्ट, करंट मोजायच्या यंत्राने) सिद्ध झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

टेपच्या कपलरमध्ये नुसता टेप नसतो

कपलर म्हणजे वायरींचा जुडगा एकदम जोडणारा प्लॅस्टिकचा ठोकळा. जुन्या सेटच्या मागे बॅटरीचा थेट करंट येतो, चावीवर चालू होणारा येतो, पार्किंग लाइट लावल्यावर येणारा येतो, अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वायर) असतो आणि चार स्पीकरच्या आठ वायरी असतात. अनेक गाड्यांत त्याच जागी अँटेनाच्या बूस्टरचा करंट, वेगाचा सिग्नल, स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्सचा सिग्नल आणि नव्या गाड्यांत कॅनच्या, म्हणजे गाडीतली मॉड्यूलं जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरीही असतात. यांतली एक चुकीच्या ठिकाणी जोडली की गाण्याशी काडीचाही संबंध नसलेली वस्तू बंद पडते.

बाजारात मिळणाऱ्या सेटच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायमचा १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावीवरचा, काळी अर्थ, निळी अँटेनाला, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला, नारिंगी पार्किंग लाइटवरची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या.

हे रंग सेटचे आहेत, गाडीचे नव्हेत. घोळ इथेच होतो. जर्मन गाड्यांत लाल वायर बहुधा थेट बॅटरीची असते आणि तपकिरी म्हणजे अर्थ. सेटची तपकिरी मात्र पुष्कळदा म्यूटची (फोन आला की आवाज बंद करणारी). रंगाला रंग जुळवत गेलात तर चावी काढल्यावरही सेट जागा राहतो आणि अर्थ भलतीकडे जातो. गाडीच्या बाजूला रंग बघायचा नाही, मल्टिमीटर लावायचा.

काहीही उघडण्याआधी

कागद घ्या आणि काय काय चालत नाही ते सगळं लिहा. ‘लाइट गेले’ असं मोघम नको. रूम लाइट, डिकीचा लाइट, मीटरचे दिवे, टेल लॅम्प, इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, काचा, आरसे, लॉक, १२ व्होल्टचं सॉकेट, एसीचे बटण-दिवे, मीटरमध्ये पेटलेले इशारे. एकेक चालवून बघा, मागे उभं राहायला घरातलं कोणी घ्या. मग यादीकडे बघा. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार गोष्टी एकदम गेल्या असतील तर चार दोष झालेले नाहीत, त्यांच्या वाटेवरचा एक समाईक फ्यूज, अर्थ किंवा कपलर गेलाय.

बॅटरी काढली होती का, हेही लिहा. काढली असेल तर काही ‘दोष’ दोषच नसतात. एका दाबात पूर्ण वर जाणारी काच आता थोडी थोडी जाते, कारण तिची हद्द मॉड्यूल विसरलंय. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॉटचा एक बल्ब दोन वायरी लावून, प्लॅस्टिकच्या पट्ट्या (स्क्रू ड्रायव्हरने डॅशबोर्ड ओरबाडू नका), १० नंबरचा पाना, आणि योग्य अँपिअरचे चार-सहा फ्यूज.

फ्यूज बघायचा म्हणजे कसा बघायचा

फ्यूज बॉक्स एक नसतो. एक डॅशबोर्डखाली, एक बॉनेटखाली, आणि बऱ्याच सेटच्या पाठीवर स्वतःचा १० किंवा १५ अँपिअरचा तिसरा. तिसरा लोक हमखास विसरतात.

प्रत्येक फ्यूज उपटून डोळ्यांसमोर धरायची गरज नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. चावी ऑन करा, मीटरची काळी सुई बॉडीच्या स्वच्छ बोल्टला लावा, लाल सुईने दोन्ही ठिपके तपासा. दोन्हीकडे १२ च्या आसपास आलं तर फ्यूज ठीक. एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य, तर उडालेला. दोन्हीकडे शून्य असेल तर त्या फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, वर काहीतरी आहे किंवा तो फक्त लाइट लावल्यावर जिवंत होतो.

उडालेला सापडला की त्याच अँपिअरचा घाला. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. ‘१५ चा उडतोय तर ३० चा टाकून बघ’ हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. फ्यूज वायर वाचवायला असतो. मोठा घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डच्या आतली वायर तापते, आणि तिचं आवरण वितळून शेजारच्या वायरींना चिकटतं. सिगारेटच्या चांदीने गुंडाळलेला फ्यूज अजूनही कधीतरी सापडतो. तो दिसला की मी आधी वास घेतो.

नवा फ्यूज टिकला तर ठिणगी काम करताना एकदाच पडून गेली होती, असं समजायला हरकत नाही. तरी सेट बाहेर काढून उघडी टोकं बघाच.

सगळ्यात मोलाची चाचणी: सेट सोडवून बघा

बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअरबॅग असलेल्या गाडीत मी त्यानंतर दहा मिनिटं थांबतो. चावी खिशात ठेवा. पॅनेल काढा, सेट बाहेर ओढा, मागचे सगळे कपलर सोडवा. गाडीच्या बाजूची कोणतीही उघडी वायर चिकटपट्टीने झाका. पॅनेलवरचे दुसरे कपलर सुटले असतील तर परत लावा. मग बॅटरी जोडून यादीतल्या गोष्टी पुन्हा चालवून बघा.

दोष गेला, तर तो सेटमध्ये किंवा सेट आणि गाडी यांच्या मधल्या जोडवायरीत आहे. दोष तसाच राहिला, तर तीन शक्यता: फ्यूज अजून उडालेला आहे, पॅनेल काढताना दुसरा कुठला कपलर निघालाय, किंवा मूळ वायरीलाच इजा झालीय. गाडीचे दोन भाग पडले, आता अर्ध्याच भागात शोधायचं.

जुना सेट जवळ असेल तर त्याच वेळी तो लावून बघा. सगळं पूर्ववत झालं तर गाडीचं वायरिंग धडधाकट आहे. म्हणून जुना सेट लगेच विकू नये. काही मूळ सेट करंट तुटल्यावर कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

चार वायरींची साक्ष

आता गाडीच्या बाजूच्या कपलरवर मीटर. काळी सुई बॉडीला, लाल सुई एकेका पिनला.

चावी बंद असतानाही १२.४ ते १२.७ दाखवणारी वायर ती कायमची, तिला सेटची पिवळी. चावी पहिल्या टप्प्यावर नेली की १२ आणि काढली की शून्य, ती चावीवरची, तिला लाल. पार्किंग लाइट लावल्यावरच जिवंत होणारी नारिंगीची. अर्थ शोधताना सुया उलट: लाल सुई बॅटरीच्या प्लसला, काळी सुई पिनला, १२ आलं पाहिजे.

तुमच्या गाडीत आयएसओ (ठरीव मापाचा) कपलर असेल, म्हणजे आठ-आठ पिनांचे दोन ठोकळे, तर स्पीकरचा सोडून दुसऱ्या ठोकळ्यात पिन ४ वर कायमचा करंट, ५ वर अँटेना, ६ वर लाइट, ७ वर चावीचा आणि ८ वर अर्थ असतो. काही गाड्यांत, विशेषतः फोक्सवॅगन घराण्यातल्या, ४ आणि ७ उलटे येतात. म्हणूनच अनेक तयार जोडवायरींत लाल आणि पिवळीच्या मध्ये सुटे होणारे गोल जोड दिलेले असतात. प्रत्येक वेळी गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं विसरणारा सेट हा याच उलटापालटीचा बळी. ते दोन जोड अदलाबदल केले की काम होतं.

मीटरवर एक सापळाही आहे. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा डिजिटल मीटरला छान १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून थेट बॅटरीच्या आणि अर्थाच्या वायरीवर २१ वॉटचा बल्ब लावून बघा. बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वायर खरी. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी ती कुरतडली गेलीय.

अर्थाची परीक्षा सेट वाजत असताना घ्यायची. मीटर व्होल्टवर ठेवून लाल सुई सेटच्या अर्थाला, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला. आवाज मोठा करा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ ढिला. अर्थ खराब असला की सेटचा करंट दुसरी वाट धरतो, कधी अँटेनाच्या जाळीतून, कधी ॲम्प्लिफायरच्या ऑडिओ केबलमधून. काही सेटमध्ये त्या केबलच्या अर्थाला आत एक केसाएवढी पट्टी असते, ती जळते आणि त्यानंतर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढउतार होणारी कुईकुई कायमची मागे लागते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल

इथे लोक डझनभर फ्यूज जाळतात. त्याऐवजी उडालेल्या फ्यूजच्या दोन खाचांत तो २१ वॉटचा बल्ब जोडा. पुढे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जातच नाही, म्हणजे वायर जळत नाही. आता बल्ब पेटत ठेवून एकेक गोष्ट सोडवा. सेटचा कपलर काढला आणि बल्ब विझला, तर शॉर्ट सेटमध्ये किंवा जोडवायरीत. नाही विझला, तर हार्नेस (वायरींची मोळी) हळूच हलवा. हलवताना बल्ब लुकलुकला की हात थांबवा. तुमच्या बोटांखालीच, ब्रॅकेटच्या धारेवर किंवा स्क्रूच्या खाली दबलेली वायर सापडेल. बल्ब अगदी मंद पेटत असेल तर तो त्या फ्यूजवरच्या इतर वस्तूंचा नेहमीचा करंट असू शकतो, शॉर्ट नव्हे.

एकदा एका मित्राच्या गाडीत पार्किंग लाइटचा फ्यूज उडत होता. टेल लॅम्प, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरचा उजेड तिन्ही गेलेले, आणि तो रात्री तसाच घाट उतरून आला होता. सेटची नारिंगी वायर ‘लागत नाही’ म्हणून फिटरने जोडून मग मध्येच कापली होती, आणि गाडीकडचं टोक तसंच सोडलं होतं. लाइट लावेपर्यंत ते टोक मुकं. लाइट लावले की ते ब्रॅकेटवर टेकायचं. लागत नसलेली प्रत्येक वायर वेगवेगळी चिकटपट्टीने बंद करायची, सगळ्यांची मिळून एक मोळी करायची नाही.

याच वायरीची दुसरी गंमत: काही जपानी गाड्यांत लाइटच्या दोन वायरी येतात, एक प्लस आणि दुसरी मीटरचा उजेड कमीजास्त करणाऱ्या चाकाकडून येणारी. ही दुसरी अर्थासारखीच वाटते. सेटची काळी तिच्यावर जोडली की सेटचा सगळा भार त्या चाकाच्या सर्किटवर येतो, आणि लाइट लावल्यावर सेट चक्रम वागतो.

बॅटरी रात्रीत उतरते

टेप बदलल्यापासून दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. आधी बॅटरीच म्हातारी नाही ना ते बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर चोर शोधायचा.

मीटर १० अँपिअरवर, लाल वायर त्याच्या १० अँपिअरच्या भोकात. बॉनेट उघडं ठेवा, चालकाच्या दाराची कडी स्क्रू ड्रायव्हरने बंद करून गाडीला दार लागल्याचं भासवा, चावी दूर ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढून केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर. आता थांबा. सुरुवातीला एक-दोन अँपिअरही दिसेल. मॉड्यूल झोपायला वीस मिनिटं, काही गाड्यांत चाळीससुद्धा लागतात. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

झोपलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत राहावं. समजा ३५० दिसतंय. म्हणजे दिवसाला ८.४ अँपिअर-आवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ची असते, तीन दिवसांत २५ गेले. चौथ्या दिवशी धक्का मारावा लागणारच. (५० मिलिअँपिअरही दिवसाला १.२ खातात, म्हणून दिवाळीला गावी जाऊन तीन आठवड्यांनी आलात तर निर्दोष गाडीही कुरकुरू शकते.)

आता सेटचा कपलर काढा. आकडा पडला तर कारणं ठरलेली. लाल आणि पिवळी दोन्ही थेट बॅटरीवर एकत्र पिळलेल्या, हे पहिलं. गाडीत चावीची वायर सापडली नाही की हा शॉर्टकट मारला जातो. दुसरं, ॲम्प्लिफायरची निळी-पांढरी कायमच्या करंटवर. तिसरं, अँड्रॉइड सेटमध्ये चटकन सुरू व्हावा म्हणून दिलेली झोपेची सोय, ती सेटिंगमध्ये बंद करता येते. चौथं, कॅनची डबी, जिच्याकडे खाली येतो.

कपलर काढूनही आकडा पडला नाही तर फ्यूज उपटत बसू नका, उपटल्याने मॉड्यूल पुन्हा जागी होतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांमध्ये मोजा. जिथून करंट जात नाही तिथे शून्य, जिथून जातो तिथे काही दशांश किंवा दोन-तीन मिलिव्होल्ट.

पॅनेलमध्ये विसरलेले कपलर

मधलं पॅनेल काढताना हॅझर्डचं बटण, एसीचा कंट्रोल, कधी सहप्रवाशाच्या एअरबॅगचा किंवा बेल्टचा दिवा त्याच्यासोबत येतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या बटणातून फिरून जातो. तो कपलर लावायचा राहिला की इंडिकेटर बंद, आणि माणूस फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) विकत घेऊन येतो. आधी बटणामागे हात घाला.

एअरबॅगचा दिवा लागला असेल तर पुष्कळदा कारण इतकंच असतं की पॅनेल सुटं असताना कोणीतरी चावी ऑन केली. कपलर लावल्यावरही दिवा तसाच राहतो, तो स्कॅनरने (गाडीच्या संगणकांतले दोष वाचणाऱ्या यंत्राने) पुसावा लागतो. पिवळे कपलर किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर मीटरची सुई तिथे अजिबात नको. ओहम मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो, आणि एअरबॅगचा पेटवणारा भाग थोड्याशा करंटवर उडू शकतो. हे काम सर्व्हिस सेंटरचं. स्टिअरिंगवरून हॉर्न आणि बटणं एकदम गेली असतील आणि कोणी स्टिअरिंग काढलं असेल, तर तेही तिकडेच.

नव्या गाड्या आणि कॅन

आता बऱ्याच गाड्यांत टेपला चावीची वायरच येत नाही. चावी फिरली, लाइट लागले, रिव्हर्स पडला, हे सगळं पिळलेल्या दोन बारीक वायरींवरून निरोपासारखं येतं. नवा सेट लावताना मध्ये एक छोटी डबी लागते, ती निरोप वाचून सेटला लाल वायरीवर करंट देते. ही डबी चुकीच्या मॉडेलची निघाली तर गाडीला झोपू देत नाही. या गाड्यांत चावीचा करंट शोधत सुई टोचत बसू नका. त्या दोन वायरी एकमेकींना किंवा १२ व्होल्टला टेकल्या की एबीएस, पॉवर स्टिअरिंग, इंजिन असे दिवे मीटरवर दिवाळीसारखे लागतात.

तसे लागले असतील तर बॅटरी काढा आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटवर (जिथे स्कॅनर लावतात) पिन ६ आणि १४ यांच्यात ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. शून्याजवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. १२० असेल तर जाळ्याचं एक टोक तुटलंय. मध्ये गेटवे (कॅनच्या वेगवेगळ्या जाळ्यांमधला दुवा) असलेल्या गाड्यांत हे मोजमाप टेपपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा मी जिद्द सोडतो आणि स्कॅनरवाल्याकडे जातो. त्याच सॉकेटच्या पिन १६ वर कायमचा १२ व्होल्ट असतो. तो नसेल तर स्कॅनर चालूच होणार नाही, आणि तो बऱ्याचदा टेपच्याच फ्यूजवर असतो.

पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आणि तिच्या काळच्या फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्यांत याहून गमतीशीर प्रकार आहे. निदानाची के-लाइन, म्हणजे स्कॅनर जिच्यावरून बोलतो ती वायर, टेपच्या कपलरपर्यंत आणलेली आहे. बाजारातला सेट सरळ लावला की ती लाइन दबते आणि स्कॅनर म्हणतो, इंजिनशी बोलणंच होत नाही. मालकाला वाटतं ईसीएम (इंजिनचा संगणक) गेला. कपलरमधून ती एक पिन काढून चिकटपट्टी गुंडाळली की बोलणं सुरू.

किरकोळ पण छळणाऱ्या गोष्टी

एफएम खरखरतंय आणि गाणी छान वाजतात: छतावरच्या आखूड अँटेनाच्या बूस्टरला करंट मिळत नाही. सेटची निळी वायर तिकडे द्या. काही गाड्यांत हा करंट अँटेनाच्याच केबलमधून पाठवावा लागतो, त्यासाठी वेगळा जोड मिळतो.

सेट चालू होऊन लगेच बंद होतो किंवा मोठ्या आवाजात कापतो: स्पीकरची एखादी वायर बॉडीला टेकलीय. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर जवळपास ६ व्होल्ट असतात, कोणतीही निगेटिव्ह अर्थाला जोडायची नसते. सेट सोडवून प्रत्येक वायर ते बॉडी मोजा, मीटरने काहीच दाखवू नये. स्पीकरच्या दोन वायरींमध्ये साडेतीन ओहमच्या आसपास.

सेल्फ मारताना सेट क्षणभर बंद पडतो: बहुतेक गाड्यांत तसंच असतं, सोडून द्या.

कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा नव्या सेटला जोडायचा असेल तर आधी त्याचे व्होल्ट बघा. काही ६ व्होल्टवर चालतात; १२ दिले की कॅमेरा गेला.

जोड करताना

दोष सापडला की दुरुस्ती दहा मिनिटांची. पण पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड मी ठेवत नाही. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद वितळतो, ती सरकते आणि तांबं उघडं पडतं. कोकणातून आलेल्या गाड्यांत तर असे जोड हिरवे पडलेले असतात. सोल्डर करून वर आकुंचन पावणारी नळी, किंवा नीट दाबलेला बट कनेक्टर (दोन टोकं आत घालून दाबायची धातूची नळी). सगळ्यात चांगलं म्हणजे त्या मॉडेलची तयार जोडवायर, म्हणजे मूळ कपलर कापावाच लागत नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीला नकाराचं आयतं निमित्त मिळत नाही.

सेट आत ढकलताना सगळी मोळी त्याच्या पाठीमागे कोंबू नका. वायरी खालच्या पोकळीत उतरवा, ब्रॅकेटच्या धारेला कापडी टेप लावा. पॅनेलच्या क्लिपा दाबण्याआधी कागदावरची यादी पुन्हा वाचत एकेक गोष्ट चालवा, शेवटी गाडी लॉक करून बघा. उरलेला स्क्रू हातात दिसला तर तो कुठला ते आत्ताच शोधा, डॅशबोर्डमध्ये पडलेला स्क्रू पुढच्या खड्ड्यात नेमका फ्यूज बॉक्सच्या पाठीवर जाऊन बसतो. रात्री बॅटरीवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा, सकाळी चावी लावण्याआधी पुन्हा मोजा. चार्ज होऊन आलेली बॅटरी पहिल्या तासाभरात थोडी उतरतेच, तेवढं वगळून ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसेल तर जुना सेट खोक्यात भरून माळ्यावर ठेवायला हरकत नाही.